सोलवाल्यांचं घर कशावर चालायचं? तबकडी हातात घ्या आणि हिशोब काढा

साठच्या दशकातली अमेरिकन सोलची, म्हणजे काळ्या कलाकारांच्या आर अँड बी आणि चर्चच्या गाण्यांतून घडलेल्या संगीताची गाणी ऐकणाऱ्या बऱ्याच जणांचा एक पक्का समज असतो, की गाणं चार्टवर एक नंबरला गेलं म्हणजे गाणाऱ्याच्या घरी पैशाचा पाऊस पडला. मीही कित्येक वर्षं तेच धरून चाललो होतो. मग ४५ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे फिरणाऱ्या आणि दोन्ही बाजूंना एकेक गाणं असणाऱ्या छोट्या तबकड्या जमवायचा नाद लागला, आणि हळूहळू लक्षात आलं की तबकडीच्या मधोमध जो गोल कागद चिकटवलेला असतो त्यावर इतकं काही छापलेलं असतं, की ते नीट वाचलं आणि त्या काळचे चार-पाच नियम माहीत असले की पैसा कुणाच्या खिशात गेला असेल याचा बऱ्यापैकी अंदाज लावता येतो. तो कसा लावायचा ते सांगतो. एखादी तबकडी समोर घेऊन बसा, नसेल तर नेटवर तिच्या लेबलचा फोटो उघडा.

सगळ्यात आधी गायकाचं नाव सोडून द्या. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात कंसात एक-दोन नावं असतात, तिथे बघा. ती गाणं लिहिणाऱ्यांची. सोलच्या धंद्यातला अर्धा पैसा त्या कंसात होता असं म्हटलं तरी चालेल.

कारण असं, की अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की रेडिओ स्टेशन पैसे देतं ते गाणं लिहिणाऱ्याला आणि त्याच्या पब्लिशरला, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला. गाणाऱ्याला नाही, वाजवणाऱ्याला नाही, रेकॉर्ड कंपनीलाही नाही. एफएम-एएम रेडिओसाठी हा नियम आजपण तसाच आहे. हे पैसे गोळा करायचं काम बीएमआय आणि एस्कॅप या संस्था करतात, आणि सोलच्या तबकड्यांवर बहुतेक वेळा तुम्हाला बीएमआय हीच तीन अक्षरं दिसतील, कारण १९३९ मध्ये निघालेल्या या संस्थेने काळ्या आणि खेडवळ गीतकारांना दारं उघडली होती, जुन्या एस्कॅपमध्ये त्यांना शिरायला फार जड जायचं. आता अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' घ्या. १९६७ चं. जग या गाण्याला अरीथाचं गाणं म्हणून ओळखतं, पण कंसात नाव आहे ऑटिस रेडिंग या दुसऱ्या सोल गायकाचं, कारण त्याने ते लिहून १९६५ मध्ये स्वतः गायलं होतं. म्हणजे गेली इतकी दशकं अमेरिकेतल्या रेडिओवर अरीथाचा आवाज जितक्या वेळा वाजला त्यातला रेडिओचा पैसा ऑटिसच्या घरच्यांकडे आणि पब्लिशरकडे गेला, अरीथाकडे नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटायलाच तयार नव्हतं.

कंसाचा दुसरा पैसा म्हणजे प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे मिळणारी रॉयल्टी. १९०९ च्या कायद्याने ती ठरवली होती गाण्यामागे २ सेंट, आणि विश्वास ठेवा, १९७८ पर्यंत ती तेवढीच होती. पावाची किंमत बदलली, घरभाडं बदललं, हे २ सेंट जागचे हलले नाहीत. याचा हिशोब सोपा आहे. १० लाख प्रती खपल्या की एका गाण्याचे २०,००० डॉलर, त्यातले साधारण निम्मे पब्लिशरचे आणि निम्मे लिहिणाऱ्यांचे. आणि आता तबकडी उलटी करा. मागच्या बाजूला जे गाणं आहे, जे कुणी मागितलेलं नाही, रेडिओने वाजवलेलं नाही, त्यालाही प्रत्येक प्रतीमागे तेवढेच २ सेंट! म्हणून मागच्या गाण्याच्या कंसात नाव कुणाचं आहे हे मुद्दाम बघत जा. कितीतरी वेळा तिथे प्रोड्यूसरचं किंवा कंपनीतल्याच कुणाचं तरी नाव सापडतं, कारण पुढच्या बाजूच्या हिटवर फुकटात स्वार व्हायची ती जागा होती.

पण कंसातलं नाव म्हणजे खरोखर लिहिणाराच असं समजू नका. रेडिओवर गाणं वाजवणाऱ्या डीजेचं, कंपनीच्या मालकाचं नाव घुसवणं ही त्या काळात नेहमीची गोष्ट होती, आणि कधीकधी उलटंही व्हायचं. पर्सी स्लेज दिवसा अलाबामातल्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉयचं काम करायचा आणि शनिवार-रविवारी बँडमध्ये गायचा. त्याचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' १९६६ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं. कंसात नावं आहेत बँडमधल्या कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राईट या दोघांची. पर्सीने पुढे सांगितलं की गाण्याची मूळ चाल त्याची होती, पण त्याने ते श्रेय दोघांना देऊन टाकलं. तेवढ्या एका निर्णयाची किंमत काय झाली असेल याचा विचार करा. बॅरेट स्ट्राँगचं प्रकरण तर अजून चमत्कारिक आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं पहिलं मोठं हिट 'मनी' त्याने गायलं, कॉपीराइटच्या सरकारी नोंदीत लेखक म्हणून त्याचं नाव होतं, ते १९६२ मध्ये काढलं गेलं, १९८७ मध्ये हक्काच्या नूतनीकरणाच्या वेळी परत आलं आणि पुढच्याच वर्षी परत खोडलं गेलं. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याच्या बाजूचं म्हणणं असं की सुरुवातीची नोंदच कारकुनी चूक होती. स्ट्राँगला हे सगळं कित्येक वर्षांनी कळलं.

ज्यांना वेळेत कळलं त्यांनी रस्ता बदलला. एडी हॉलंड मोटाउनमध्ये गायक होता, त्याच्या नावावर रेकॉर्डिंगच्या खर्चाचं कर्ज चढत होतं आणि त्याचा भाऊ ब्रायन गाणी लिहून चेक घरी आणत होता. एडीने गाणं सोडलं आणि भावाबरोबर लिहायला बसला. पुढे हॉलंड-डोझियर-हॉलंड, म्हणजे हे दोन भाऊ आणि लॅमाँट डोझियर, या तिघांनी काय केलं ते मोटाउनच्या सुप्रीम्स या मुलींच्या ग्रुपच्या १९६४ ते १९६७ मधल्या बहुतेक हिट तबकड्यांच्या कंसात बघा.

कंसाच्या जवळपास अजून एक नाव असतं, पब्लिशरचं. तेही लिहून घ्या. मोटाउनच्या लेबलांवर जोबेट दिसेल, म्हणजे गॉर्डीचीच कंपनी, त्याच्या मुलांच्या नावांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. म्हणजे लेखकाच्या पैशातला पब्लिशरचा अर्धा वाटा पण त्याच घरात. मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या लेबलांवर ईस्ट दिसेल, तीही घरचीच. पण ऑटिसच्या शेवटच्या काळातल्या गाण्यांवर रेडवॉल असं नाव सापडलं तर थांबा, ते रेडिंग आणि त्याचा मॅनेजर फिल वॉल्डन या दोघांच्या नावांचं मिळून झालंय, म्हणजे तिथे गायक स्वतः भागीदार होता. कर्टिस मेफील्डने तर अगदी तरुणपणीच स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली होती, आणि सॅम कुकने जे. डब्ल्यू. अलेक्झांडरबरोबर कॅग्ज म्युझिक चालवली. गायक आणि पब्लिशर एकाच घरातले दिसले की समजायचं, या माणसाला धंदा कळत होता.

आता गाणाऱ्याच्या वाट्याकडे येऊ. लेबलवर याबद्दल काही छापलेलं नसतं, म्हणून पाटी-पेन्सिल लागेल.

समजा पाच जणांचा ग्रुप आहे, कॉन्ट्रॅक्टमध्ये ३ टक्के लिहिलंय, तबकडीची किंमत सोपी जावी म्हणून १ डॉलर धरा. पहिली काट अशी की रॉयल्टी १०० प्रतींवर नाही तर ९० प्रतींवर, कारण जुन्या लाखेच्या तबकड्या वाटेत फुटायच्या त्याची १० टक्के वजावट कॉन्ट्रॅक्टमध्ये होती आणि न फुटणाऱ्या व्हायनिलच्या तबकड्या आल्या तरी ते कलम तसंच राहिलं. म्हणजे प्रतीमागे २.७ सेंट. १० लाख प्रती खपल्या तर २७,००० डॉलर, आणि हे पाच जणांत. माणशी ५,४०० डॉलर. पण थांबा, अजून हातात काहीच आलेलं नाही. स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, कुठलं वाद्य काय वाजवणार ते बसवून देणाऱ्या अरेंजरचे पैसे, हे सगळं गाणाऱ्याच्याच रॉयल्टीतून वळतं व्हायचं. जी गाणी रेकॉर्ड होऊन चालली नाहीत त्यांचाही खर्च याच खात्यात. दुकानांना फुकट दिलेल्या प्रतींवर रॉयल्टी नाही. आणि मधल्या काळात घरभाड्यासाठी, कपड्यांसाठी, नव्या चकचकीत गाडीसाठी कंपनीकडून घेतलेली उचल. लोक म्हणतात कंपनीने कॅडिलॅक बक्षीस दिली, पण वहीत ती बहुतेक वेळा उचल म्हणूनच लिहिलेली असायची. हिशोब यायचा वर्षातून दोनदा आणि त्याच्या तळाला आकडा वजा असायचा. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच.

याचं सगळ्यात वाईट वाटणारं उदाहरण माझ्या मते रूथ ब्राऊनचं. ती सोलच्या जरा आधीची, पन्नासच्या दशकातली आर अँड बीची, म्हणजे रिदम अँड ब्लूजची राणी, तिच्या अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीला लोक 'रूथने बांधलेलं घर' म्हणायचे. तीच बाई साठच्या दशकात पोरांना पोसायला लोकांच्या घरची धुणीभांडी करत होती, शाळेची बस चालवत होती, आणि कंपनीच्या वहीप्रमाणे तीच कंपनीचं देणं लागत होती. ती गप्प बसली नाही. हॉवेल बेगल नावाच्या वकिलाला बरोबर घेऊन ती वर्षानुवर्षं भांडली, आणि शेवटी १९८८ मध्ये अटलांटिकने तिच्यासारख्या कितीतरी जुन्या कलाकारांची थकबाकी माफ केली, मागची रॉयल्टी दिली आणि अशा जुन्या कलाकारांना मदत करणाऱ्या रिदम अँड ब्लूज फाउंडेशनला पैसा दिला. हे आठवलं की मला तिच्या गाण्यांइतकाच तिच्या या भांडणाबद्दलही आदर वाटतो.

वाजवणाऱ्यांचा हिशोब वेगळा आणि छोटा, कारण त्यांना रॉयल्टीच नव्हती. संगीतकारांच्या युनियनचा दर ठरलेला असायचा, तीन तासांचं एक सेशन, त्यात साधारण चार गाणी बसवायची, आणि सेशनच्या लीडरला दुप्पट. गाणं आपटलं तरी तेवढेच आणि जगभर गाजलं तरी तेवढेच. म्हणून वादकाची कमाई काढायची तर एखादं गाणं किती चाललं हे बघून उपयोग नाही, आठवड्यात सेशन किती केली ते शोधायचं. न्यूयॉर्कमधला चांगला ड्रमर दिवसाला दोन-तीन सेशन मारून घर चालवू शकायचा. डेट्रॉइटमध्ये मोटाउनचे वादक, ज्यांना फंक ब्रदर्स म्हणतात, दिवसभर त्या छोट्या स्टुडिओत वाजवायचे, रात्री क्लबमध्ये जॅझ वाजवायचे, आणि कंपनीचा विरोध असतानाही दुसऱ्यांसाठी रेकॉर्डिंग करायचे. जॅकी विल्सनचं १९६७ चं 'हायर अँड हायर' शिकागोत रेकॉर्ड झालं, मोटाउनशी काही संबंध नाही, पण ऱ्हिदम वाजवणारे त्यांच्यातलेच होते. त्यांची नावं मोटाउनच्या अल्बमवर पहिल्यांदा नीट छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोपर्यंत कव्हरवर त्यांचा पत्ताच नाही.

वादकाला कंस मिळाला तर मात्र चित्र बदलायचं. स्टॅक्सच्या घरच्या बँडने, बुकर टी अँड द एमजीजने १९६२ मध्ये 'ग्रीन अनियन्स' वाजवलं तेव्हा कंसात चौघांचीही नावं गेली, आणि ते आजपर्यंत सिनेमा-जाहिरातींत वाजतंय. त्यांचा गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपर विल्सन पिकेट आणि ऑटिस यांच्याबरोबर गाणी लिहित गेला, आणि त्याआधी तो स्टुडिओला लागून असलेल्या रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. दिवसाची नोकरी हा सुद्धा कमाईचा भाग धरा, तो विसरू नका. रुफस थॉमस मेम्फिसच्या रेडिओवर डीजे होता, गायक होता, आणि १९६३ पर्यंत कापडाच्या कारखान्यातही कामाला होता. बिल विदर्सच्या १९७१ च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे, ती पोझ नाही, तो खरंच विमानांची टॉयलेटं बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होता आणि गाणं चालेल याची खात्री नव्हती म्हणून नोकरी लगेच सोडली पण नव्हती.

मग पोट भरायचं कशावर, तर रस्त्यावर. तबकडी म्हणजे खरं तर गावोगावी लावलेलं पोस्टर. ती रेडिओवर वाजली की त्या गावात तुमच्या नावावर तिकिटं खपायची, आणि ते पैसे त्याच रात्री हातात यायचे, सहा महिन्यांनी वजा आकडा घेऊन नाही. म्हणून पुढची पायरी अशी, की गाणं कुठल्या महिन्यात चार्टवर होतं ते काढा आणि पुढचे सहा-आठ महिने तो माणूस कुठे कुठे गात फिरला ते शोधा. जुन्या पेपरांतल्या जाहिराती, शोची पोस्टरं, संगीताच्या धंद्याचं मासिक बिलबोर्ड याचे जुने अंक, हे आता नेटवर भरपूर सापडतं.

एका रात्रीचा हिशोब कसा करायचा ते सांगतो, आकडे समजुतीसाठी धरलेत, रीत मात्र खरी आहे. ठराव बहुतेक असा व्हायचा की ठरलेली गॅरंटी किंवा गल्ल्याचा टक्का, यातलं जे जास्त ते. समजा गॅरंटी १,००० डॉलर, टक्का ५०, हॉलमध्ये २,००० लोक आले, तिकीट अडीच डॉलर. गल्ला ५,००० झाला, म्हणजे गायकाचे २,५००. यातून बुकिंग एजन्सीचे १० टक्के, २५० गेले. मॅनेजरचे १५ टक्के धरा, ३७५ गेले. उरले १,८७५. आठ वाजवणाऱ्यांना माणशी ३० प्रमाणे २४०, ड्रायव्हर आणि सामानवाला ४०, गाडी आणि पेट्रोल १५०, राहणं-खाणं १२०. हातात १,३२५. एका रात्रीत! वर पाच जणांच्या ग्रुपचं १० लाख प्रतींचं गणित केलं त्याच्याशी हे ताडून बघा म्हणजे कळेल की हे लोक वर्षातले ३०० दिवस बसमध्ये का असायचे. पण याला दोन अटी. एक, सोमवार-मंगळवार गावं रिकामी असायची आणि बँडला खायला मात्र रोज लागतं, म्हणून आठवड्याचा हिशोब करताना चारच रात्री कमाईच्या धरा आणि सात रात्री खर्चाच्या. दुसरी, गल्ला मोजतो कोण? तिकिटं किती खपली हे शो भरवणारा प्रमोटरच सांगणार, आणि काही प्रमोटर मध्यंतरातच पेटी घेऊन पसार व्हायचे. म्हणून निम्मी रक्कम एजन्सीकडे आधी आणि उरलेली स्टेजवर चढायच्या आधी रोख, ही शिस्त ज्यांनी पाळली ते टिकले. अरीथा शेवटपर्यंत पैसे आधी रोख घ्यायची आणि पर्स नजरेसमोर ठेवून गायची. लोक तिला विक्षिप्त म्हणायचे. मला तर त्यात तिने तरुणपणी या वाटेवर जे बघितलं ते सगळं दिसतं.

फिरण्याचे प्रकारही वेगवेगळे होते आणि प्रत्येकाचा पैसा वेगळा, तेव्हा पोस्टर बघताना आधी हे ओळखा. मोठ्या शहरांतली काळ्या प्रेक्षकांची थिएटरं, म्हणजे हार्लेमचं अपोलो, वॉशिंग्टनचं हॉवर्ड, बाल्टिमोरचं रॉयल, फिलाडेल्फियाचं अपटाउन, शिकागोचं रीगल. इथे आठवड्याचा आकडा ठरलेला आणि दिवसाला चार-पाच शो, सुट्टीच्या दिवशी अजून जास्त. एका शोमागे काढलं तर थोडेच पैसे पडायचे, पण आठवडाभर एका जागी झोपायला मिळायचं आणि अपोलोत घरचा बँड असायचा म्हणजे वादकांचा खर्च वाचायचा. अपोलोचा मालक फ्रँक शिफमन प्रत्येक कलाकाराचं कार्ड ठेवायचा, त्यावर दिलेले पैसे आणि शो कसा झाला याचा शेरा, ती कार्डं आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. असल्या कागदांवरून काढलेला आकडा सगळ्यात भरवशाचा.

दुसरा प्रकार पॅकेज टूरचा. एका बसमध्ये आठ-दहा नावं, एकच बँड सगळ्यांच्या मागे, प्रत्येकाला दोन-तीन गाणी. अटलांटाच्या हेन्री विनची सुपरसॉनिक अट्रॅक्शन्स यात मोठी होती, आणि मोटाउनने १९६२ मध्ये स्वतःचीच मोटरटाउन रेव्ह्यू काढली. पोस्टरवर तुमचा गायक वरच्या ओळीत मोठ्या टाइपात आहे की खाली बारीक हे बघा, पैसा त्या टाइपाच्या मापाने मिळायचा. तिसरा प्रकार फुकटचा. गावातल्या डीजेने डान्स ठेवला की तिथे जाऊन बिनपैशाचं गायचं, बदल्यात तो तबकडी वाजवणार. पेपरात जाहिरात दिसली म्हणून ती रात्र कमाईत धरू नका. आणि वरच्या टोकाला गोऱ्या श्रीमंतांचे नाइटक्लब, मोटाउनने सुप्रीम्सना जुलै १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबानात उभं केलं ते याच बाजारासाठी, त्यासाठी चालणं-बोलणं, नाच, कपडे सगळं महिनोन्महिने शिकवून घेतलं होतं.

दक्षिणेतल्या टूरचा खर्च काढताना एक गोष्ट वेगळी धरावी लागते. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा यायच्या आधी काळ्या माणसाला बहुतेक हॉटेलांत खोली मिळत नव्हती, रेस्टॉरंटात बसता येत नव्हतं, काही पेट्रोल पंपांवर संडास वापरू देत नव्हते. १९३६ पासून निघणारं ग्रीन बुक, म्हणजे काळ्या प्रवाशांना कुठे राहता-खाता येईल याची यादी देणारं पुस्तक, बघून लोक मुक्काम ठरवायचे, कुणाच्या घरी पैसे देऊन राहायचे, नाहीतर शो संपला की रात्रभर गाडी हाकत पुढच्या शहरात. म्हणजे जादा मैल, जादा पेट्रोल, जादा थकवा, आणि अपघात. सॅम कुक १९६३ मध्ये श्रीव्हपोर्टला पोचला, खोली आधी बुक होती, हॉटेलने नाकारली, त्याने वाद घातला तर त्यालाच अटक झाली. तेव्हा तो देशातल्या मोठ्या स्टारपैकी एक होता. मेम्फिसचं लॉरेन मोटेल स्टॅक्सकडे येणाऱ्यांचं हक्काचं ठिकाण होतं, क्रॉपर आणि पिकेटने तिथल्याच खोलीत बसून 'इन द मिडनाइट अवर' लिहिलं.

टूरचा धंदा कुणाला कळला असेल तर जेम्स ब्राऊनला. ऑक्टोबर १९६२ मध्ये अपोलोतला शो रेकॉर्ड करायचा म्हणाला, त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा, किंगचा मालक सिड नेथन नाही म्हणाला, की लोकांनी आधीच ऐकलेली गाणी परत कोण घेणार. ब्राऊनने स्वतःचे ५,७०० डॉलर घातले. १९६३ मध्ये तो अल्बम आला आणि बिलबोर्डच्या पॉप अल्बम चार्टवर दोन नंबरपर्यंत जाऊन ६६ आठवडे तिथे राहिला, त्यानंतर त्याच्या एका रात्रीची किंमतच बदलली. पुढे त्याने स्वतःचे शो स्वतः प्रमोट करायला घेतले, म्हणजे वरच्या गणितातला प्रमोटरचा अर्धा वाटा पण घरात. त्याने रेडिओ स्टेशनंही विकत घेतली. पण त्याच ताफ्यातल्या वादकांच्या बाजूने हिशोब मांडा. पगारी नोकर, सूर चुकला दंड, बुटाला पॉलिश नाही दंड, आणि रेकॉर्डिंगला सुचवलेल्या कल्पनांचा कंस बहुतेक वेळा मालकाचा. मार्च १९७० मध्ये बँडमधले बरेच जण पगाराच्या वादावरून निघून गेले आणि ब्राऊनने सिनसिनाटीहून पोरंटोरं आणून त्यांच्या जागी उभी केली, त्यातलाच एक बूटसी कॉलिन्स.

विमान घेणं हा चैनीचा खर्च वाटतो, पण गणितात तो जादा रात्रींचा खर्च आहे. विमानाने गेलं की दूरच्या दोन शहरांत सलग दोन रात्री गाता येतं. ऑटिसने म्हणूनच विमान घेतलं. १० डिसेंबर १९६७ ला मॅडिसनच्या शोला जाताना ते तळ्यात कोसळलं, तो गेला, त्याच्यामागे वाजवणाऱ्या बार-केज बँडमधली बहुतेक पोरं गेली. २६ वर्षांचा होता. ती पोरं तर त्याहून लहान. हा भाग लिहिताना मला दरवेळी जड जातं.

आता मालकी. लेबलच्या वरच्या बाजूला कंपनीचं नाव असतं आणि खाली कडेला कधीकधी वितरकाचं, दोन्ही लिहा, कारण मास्टर टेप, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाच्या मालकीच्या हा प्रश्न त्यात लपलेला असतो. रे चार्ल्सने १९५९ मध्ये अटलांटिक सोडून एबीसी-पॅरामाउंटशी करार केला त्यात ठरलं होतं की काही वर्षांनी मास्टर त्याच्या मालकीचे होतील. त्या काळात काळ्या काय, गोऱ्या गायकालाही असला करार सहसा मिळत नव्हता. याच्या उलट स्टॅक्सचं. त्यांनी १९६५ मध्ये वितरणासाठी अटलांटिकशी लेखी करार केला, आतलं एक कलम नीट वाचलं नाही, आणि अटलांटिक विकली गेल्यावर १९६८ मध्ये कळलं की इतकी वर्षं केलेले मास्टर अटलांटिकचे झालेत. कंपनीच अशी फसू शकते तर विशीतला गायक काय वाचणार होता त्या कागदात.

शेवटची पायरी, नंतरच्या वर्षांचा पैसा. गाणं आता कुणाचं आहे हे बीएमआय किंवा एस्कॅपच्या साइटवर गाण्याचं नाव टाकून फुकटात बघता येतं, लेबलवरच्या कंसाशी ताडून बघा, फरक दिसला तर मधे काहीतरी घडलंय. जुन्या कायद्यात २८ वर्षांनी हक्काचं नूतनीकरण व्हायचं, आणि लेखक त्याआधीच वारला असेल तर तो नवा हक्क त्याच्या बायकापोरांकडे यायचा, लेखकाने आधी काहीही सही केलेली असली तरी. डिजिटल रेडिओ आल्यावर गाणाऱ्यांना पहिल्यांदा काहीतरी मिळायला लागलं, त्यात निम्मे मास्टरच्या मालकाचे, ४५ टक्के मुख्य कलाकाराचे आणि ५ टक्के मागे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे. पण १९७२ च्या आधीच्या रेकॉर्डिंगचा, म्हणजे जवळजवळ सगळ्या क्लासिक सोलचा, त्यावरचा हक्क कायद्याने पक्का झाला तो थेट २०१८ मध्ये. सॅम्पलिंगचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याचा, पैसा मात्र परत कंस आणि मास्टर याच दोन ठिकाणी जातो. क्लाइड स्टबलफील्डने जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये वाजवलेला तो छोटासा तुकडा शेकडो हिप-हॉप गाण्यांत वापरला गेलाय. कंसात त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे त्या सॅम्पलची रॉयल्टी त्याला मिळाली नाही. २०१७ मध्ये तो गेला.

आणि पर्सी स्लेज? ते एक गाणं घेऊन तो जवळजवळ पन्नास वर्षं गावोगाव फिरला, अमेरिका, युरोप, दक्षिण आफ्रिका. रेडिओवर ते रोज कुठे ना कुठे वाजत होतं, पण त्याचा चेक त्याच्याकडे येत नव्हता, म्हणून त्याला दरवेळी स्वतः माइकसमोर उभं राहून ते गावं लागायचं. २०१५ मध्ये वारला तोपर्यंत त्याचं पोट त्या गाण्यावरच चाललं होतं, फक्त तबकडीवर नाही, तिकिटावर.